निघण्याआधीचे प्रकरण

दादर स्थानकाच्या पश्चिमेस उतरून रानडे रोडने शिवाजी पार्ककडे चालू लागले, की उन्हाळ्याच्या सुटीच्या तोंडावर एक विशिष्ट खरेदी चाललेली दिसते. चाकांची बॅग, तिला लावायचे छोटे कुलूप, पासपोर्ट ठेवायचे कापडी पाकीट, लोकरी टोपी, मेतकूट, कोरड्या चटणीची पुडी. खरेदी करणाऱ्यांच्या हातात यादी असते. त्या यादीवरूनच घरातील कोणीतरी पहिल्यांदा परदेशी निघाले आहे हे ओळखू येते. दुसऱ्या वेळी निघणारा माणूस यादी डोक्यात ठेवतो.

ही यादी वाङ्मयाच्या अभ्यासाचा विषय होऊ शकते, असे आम्हांला पुष्कळ वर्षे वाटले नव्हते. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना स्थळवर्णन, व्यक्तिचित्रण, निवेदकाची दृष्टी आणि शैली या चार खुंट्यांना बांधून ठेवले. प्रवासी जहाजात किंवा विमानात बसेपर्यंतची पाने आम्ही ‘पार्श्वभूमी’ म्हणून ओलांडली. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’तील निघण्याआधीची तारांबळ वर्गात हशा पिकवण्यापुरती वाचली आणि पुढे गेलो. ही चूक होती, असे आता वाटते. मराठी माणसाच्या परदेशप्रवासाचा सामाजिक इतिहास शोधायचा असेल, तर तो लंडनच्या धुक्याच्या वर्णनापेक्षा निघण्याआधीच्या प्रकरणात अधिक सापडतो. पैसे कोठून आणायचे, उतरायचे कोठे, खायचे काय, बरोबर कोण आणि परत आल्यावर काय, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक काळातील प्रवाशाने कोणाला तरी दिलेली आहेत. ती कोणाला द्यावी लागली हे पाहत गेले, की बाहेर पडण्याची परवानगी कोणाच्या हाती होती ते उमगते.

आरंभ १८८३ पासून करू. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत कलकत्त्याजवळील सेरामपूर येथे, तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात, आनंदीबाई जोशी यांनी इंग्रजीत एक भाषण केले. त्यांना अठरा वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर अवकाश होता. पती गोपाळराव टपाल खात्यात होते आणि बदलीमुळे हे दांपत्य बंगालात आले होते. वैद्यकीय शिक्षणासाठी आपण अमेरिकेस का जात आहोत, हे सांगण्यासाठी ते भाषण होते. लोक आपल्याला जे प्रश्न विचारतात, ते आनंदीबाईंनी एकामागून एक मांडले. ते सहा होते. अमेरिकेस का जाता? भारतात शिकण्याची सोय नाही काय? एकट्या का जाता? परतल्यावर जातिबहिष्कृत होणार नाही काय? तिकडे काही संकट ओढवले तर काय कराल? आणि कोणा स्त्रीने आजवर जे केले नाही ते तुम्ही का करावे?

हे भाषण स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात धैर्याचा दाखला म्हणून सांगितले जाते, आणि ते तसे आहेच. परंतु ते नियोजनाचे कागदपत्र म्हणूनही वाचता येते. उद्देश, पर्यायांचा विचार, सोबत, परतीची हमी, आपत्कालीन व्यवस्था आणि पात्रता, अशा सहा रकान्यांचा तो अर्ज आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्या काळी अमेरिकेत प्रवेश करण्यासाठी व्हिसा लागत नव्हता, पासपोर्टचीही सर्वसाधारण सक्ती नव्हती. न्यूयॉर्कच्या बंदरात आनंदीबाईंना जे कोणी विचारणार नव्हते, ते निघण्यापूर्वी स्वकीयांनी विचारले. पोचण्याला परवानगी लागत नव्हती. निघण्याला लागत होती.

या सहांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एकट्या का जाता, या प्रश्नाला आनंदीबाईंनी कोणतेही तात्त्विक उत्तर दिलेले नाही. दोघांनी बरोबर जाण्याचाच विचार होता, पण तेवढा पैसा नाही. शिवाय पतीवर घरातील वडीलधाऱ्यांचा आणि लहान भावंडांचा भार आहे, एवढेच त्यांनी सांगितले. म्हणजे महाराष्ट्राच्या इतिहासातील हा विलक्षण एकटा प्रवास बंडाच्या घोषणेतून निघालेला नाही. तो जमाखर्चातून निघालेला आहे. दोन तिकिटे परवडत नव्हती, म्हणून ज्याला शिकायचे त्याने जायचे. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र महागात पडणारे होते. आपण पोशाख, आहार, रीतिरिवाज यांत बदल करणार नाही, हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. परवानगीची अट अशी थेट सामानात उतरली. काय नेसायचे आणि काय खायचे हे फिलाडेल्फियाच्या हवेने ठरवण्याआधी सेरामपूरच्या सभेत ठरले होते.

बाकीची तयारी पत्रांनी केलेली होती. गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला लिहिलेले पत्र अमेरिकेतील ‘मिशनरी रिव्ह्यू’मध्ये छापले गेले, न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी ते दंतवैद्याकडे ताटकळत असताना वाचले आणि १८८० पासून पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाईंनी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्ता सोडले, ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. उतरण्याचे घर ठरलेले होते, ओळखीचे माणूस ठरलेले होते, आणि हे सारे महिनोन्महिने वाट पाहून येणाऱ्या पत्रांतून जुळवलेले होते. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा क्षयाने अंत झाला, तेव्हा बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई आपल्या लहान मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. त्यांच्यामागे ना पती होता ना माहेर. प्रवासखर्चाची तजवीज त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ या आदल्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाच्या विक्रीतून केली. पुढे १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानास उपस्थित राहण्यासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, अमेरिकाभर व्याख्याने दिली, आणि १८८९ मध्ये परतल्यावर त्या देशाविषयी मराठीत सविस्तर पुस्तक लिहिले. मराठी लेखनाच्या मोबदल्यावर समुद्र ओलांडल्याचे याहून जुने उदाहरण आम्हांला आठवत नाही. आजच्या लेखकांनी मानधनाच्या चर्चेत ते अवश्य सांगावे.

आता दादरला परतू. स्थानकाच्या पूर्वेस हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी ही वास्तू मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहासाठी बांधली. त्या ग्रंथांमागे ज्या परदेशवाऱ्या आहेत, त्यांची तयारी आम्हांला येथे पाहायची आहे.

त्यासाठी परदेशाच्याही आधी एका छोट्या प्रवासाकडे वळावे लागते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी १९०१ सालची हकीकत सांगितली आहे. वडील सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदार होते. सुटीत त्यांच्याकडे जाण्यासाठी मुले मोठ्या माणसांवाचून, प्रथमच, आगगाडीने निघाली. नवे सदरे, नव्या टोप्या, नवे जोडे असा सारा थाट केला होता. येत असल्याचे पत्र आगाऊ पाठवले होते. तयारीत काही उणे नव्हते. पण वडिलांच्या गड्याने पत्र त्यांना द्यायचे विसरले, आणि मसूर स्थानकावर कोणीही घ्यायला आले नाही. मुले महार आहेत हे समजताच स्टेशनमास्तरचा सूर बदलला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान त्यांच्याबरोबर गाडीत बसायला तयार नव्हता. गाडी मुलांनी हाकली, तो बाजूने चालला. रात्री जवळ अन्न होते, पण पाणी मिळाले नाही, म्हणून ते खाता आले नाही.

प्रवासाच्या नियोजनावर मराठी मुलुखात घडलेला याहून कठोर धडा आम्ही वाचलेला नाही. तिकीट, पैसा, पत्र, शिदोरी हे सारे रकाने भरलेले असूनही प्रवास मोडतो, कारण यादीत न लिहिलेला एक रकाना असतो: तुम्ही कोण? नियोजनाची पुस्तके हा रकाना गृहीत धरतात. ज्याला तो भोवतो त्याला गृहीत धरता येत नाही.

१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला गेले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी होती. त्या बदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार ४ जून १९१३ रोजी झाला. वडील त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. घरी पत्नी रमाबाई आणि तान्हा यशवंत. प्रवास अर्थातच मोठा होता, पण त्याची मुदत, विषय आणि परतीची तारीख दुसऱ्याच्या हाती होती. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. निघण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली: चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. महायुद्ध चालू होते. ते सुखरूप पोचले, पण ज्या बोटीत त्यांचे सामान आणि पुस्तके होती ती पाणबुडीने बुडवली. सामानाच्या भरपाईपोटी थॉमस कुक कंपनीकडून जी रक्कम मिळाली, तीच बडोद्याला जाण्याच्या कामी आली, असे चरित्रकार सांगतात. मुंबईत १८८१ पासून कचेरी असलेल्या या प्रवासी कंपनीचे नाव मराठी चरित्रवाङ्मयात असे नुकसानभरपाईच्या संदर्भात येते.

बडोद्यात काय घडले ते त्याच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’च्या दुसऱ्या प्रकरणात आहे. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये राहण्याची जागा मिळवणाऱ्या या विद्वानाला बडोद्यात जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते पारशांच्या एका धर्मशाळेवजा वसतिगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. दोन परिचितांनी आपापल्या अडचणी सांगून असमर्थता दाखवली. अखेर मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत काही तास त्यांनी एका सार्वजनिक बागेत काढले. शीर्षकातील ‘व्हिसा’ कोणत्या देशाचा, हे एवढे वाचल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणूनच बाबासाहेबांचा पहिला स्वतंत्र परदेशप्रवास कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही १९१३ ऐवजी १९२० सांगू. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पगारातून पैसे साठवले. शाहू महाराजांनी दीड हजार रुपयांचे साहाय्य केले. नवल भथेना या मित्राने पाच हजार कर्जाऊ दिले. विद्यापीठाने दिलेली चार वर्षांची मुदत संपण्याआधी, जुलै १९२० मध्ये, ते पुन्हा लंडनला निघाले. तेथे रात्री भुकेच्या वेळी पापड भाजून खाल्ल्याची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. ती करुण म्हणून सांगितली जाते. आम्हांला त्यात हिशेबही दिसतो: साठवलेले पैसे अमुक, कर्ज तमुक, शुल्क इतके, ग्रंथ इतके, उरले त्यात जेवण. या वेळी खर्चाचा क्रम त्यांनी स्वतः ठरवला होता. स्वतंत्र प्रवासाची याहून नेमकी व्याख्या करता येईल असे वाटत नाही.

याच १९२० मध्ये हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा झाला. महायुद्धाने जगभर पासपोर्ट आणि व्हिसा यांची पद्धत रूढ केली होती. समुद्रगमनाचे प्रायश्चित्त हळूहळू मागे पडत गेले आणि परवानगी देणारा अधिकारी बदलला. शास्त्रीबोवांच्या जागी सरकार आले. स्वातंत्र्यानंतरही पासपोर्ट देणे न देणे ही दीर्घकाळ शासनाची मर्जी होती. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये नवा पासपोर्ट कायदा झाला. आज आपण ज्या पुस्तिकेला गृहीत धरतो, ती हक्क म्हणून मिळायला १९६७ उजाडावे लागले.

हक्क मिळाला तरी पैशाची परवानगी उरलीच होती. परकीय चलन तुटपुंजे असल्यामुळे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९७०च्या दशकात परदेशी जाणाऱ्याला जेमतेम आठ डॉलर बरोबर नेता येत. तिकीट रुपयांत काढायचे तरी रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीचा ‘पी फॉर्म’ लागे. त्या काळातील मध्यमवर्गीय प्रवाशाचे चित्र दादर-माटुंग्यातील जुन्या माणसांना आठवत असेल: तिकडे मुलगा किंवा जावई खर्चाची हमी देतो, आणि इकडून लेकीच्या बाळंतपणासाठी आई निघते. तिच्या सामानात डिंकाचे लाडू असत, आणि पर्समध्ये उतरल्यावर एक फोन करता येईल एवढे पैसे. आठ डॉलरांत हॉटेलात राहता येत नाही, म्हणून जेथे नातेवाईक आहेत तेवढाच देश तिच्यासाठी अस्तित्वात होता. नकाशा रक्तसंबंधांनी आखलेला होता.

१९९१च्या आर्थिक बदलांनंतर हे निर्बंध सैल होत गेले. जून २००० मध्ये ‘फेरा’ जाऊन ‘फेमा’ हा कायदा अमलात आला. फेब्रुवारी २००४ मध्ये निवासी भारतीयाला वर्षाला पंचवीस हजार डॉलर बाहेर पाठवण्याची मुभा मिळाली, आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. याच दशकांत दादर-माहीमच्या लेडी जमशेटजी मार्गावर मराठी सहलसंस्कृती उभी राहिली. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली ‘केसरी’ हे तिचे ठळक नाव. पुढे २०१३ मध्ये वीणा पाटील यांनी ‘वीणा वर्ल्ड’ काढली. तयारीची छापील यादी, कागदपत्रे पूर्ण करून देणारे कार्यालय, विमानतळावर डोकी मोजणारा टूर मॅनेजर आणि स्वित्झर्लंडमध्ये वरणभात, या गोष्टींची वाङ्मयीन वर्तुळात पुष्कळ थट्टा झाली आहे. थट्टेत आम्हीही सामील होतो. पण साठीपर्यंत घराबाहेर एकटी रात्र न काढलेल्या स्त्रीला या कंपन्यांनी एक तयार उत्तर दिले, हे मान्य केले पाहिजे. एकटी का जातेस? एकटी नाही, ग्रुपबरोबर. केवळ स्त्रियांसाठीच्या सहली इतक्या लोकप्रिय झाल्या, त्याचे मर्म स्थळांच्या निवडीपेक्षा या उत्तरात अधिक आहे. त्याच काळात मीना प्रभू एकट्याने देशोदेशी हिंडून मराठीत लिहीत होत्या. मराठी वाचकांनी त्यांची पुस्तके आवडीने वाचली आणि सहलीचे आरक्षण ग्रुपबरोबर केले. या दोन्ही गोष्टी एकाच घरात घडत होत्या.

आता परवानगी देणारा पुन्हा बदलला आहे. समाज बराचसा मागे सरला, आपले सरकारही सरले. प्रश्न आता परके सरकार विचारते. ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊससमोरची अमेरिकी व्हिसाची रांग मुंबईकर २०११ पर्यंत पाहत होते. नंतर ती वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. युरोपातील शेंगेन देशांचा अर्ज उघडून पाहावा. जाण्याचे कारण काय? खर्च कोण करणार? राहणार कोठे? परत येणार याचा पुरावा काय? आजारी पडलात तर? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर किमान तीस हजार युरोंच्या विम्याने द्यावे लागते. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत आणि किमान पंधरा दिवस आधी, ज्या देशात मुक्काम जास्त त्याच्याकडे करायचा असतो. सेरामपूरच्या सभेतील प्रश्न आणि हे प्रश्न शेजारी ठेवले, तर चार तरी जसेच्या तसे जुळतात. एक मात्र अर्जात नाही. एकट्या का जाता, हे परके सरकार अशा शब्दांत विचारत नाही. ते काम आपण घरी करतो.

आमची एक माजी विद्यार्थिनी नुकतीच आठ दिवस व्हिएतनामला जाऊन आली. निघण्यापूर्वी ती भेटायला आली, तेव्हा तिच्याजवळ एक साधी फाइल होती. ई-व्हिसाची छापील प्रत. पहिल्या दोन रात्रींचे आरक्षण, बाकीचे तेथे जाऊन ठरवायचे. दिवसाउजेडी पोचणारे विमान, थोडे महाग असले तरी. पासपोर्टच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी आणि एक आईजवळ. रोकड तीन जागी विभागलेली. उतरण्याचा पत्ता तेथील भाषेत लिहिलेला. यादी वाचताना आम्हांला रोझेलहून येणारी पत्रे आठवली. साधने बदलली होती, प्रश्न तेच होते, आणि प्रत्येकासमोर स्वतःच्या हस्ताक्षरात उत्तर होते.

तिसऱ्या प्रश्नाचे काय, असे आम्ही विचारले. तो चाळीतल्या प्रत्येक दारातून विचारून झाला होता. ती म्हणाली, दोघी मैत्रिणी येणार होत्या. एकीला रजा मिळाली नाही, दुसरीच्या घरी आजारपण निघाले. पैसे साठले होते, तिकीट काढले.

एकशे चाळीस वर्षांपूर्वीचे उत्तर याहून निराळे नव्हते. येत्या वर्षी प्रवासवर्णन शिकवायला घेऊ, तेव्हा निघण्याआधीच्या प्रकरणापासून सुरुवात करायची असे आम्ही ठरवले आहे. पहिला स्वाध्यायही ठरला आहे: आपल्या घरातून पहिल्यांदा परदेशी कोण गेले, त्याच्या किंवा तिच्या सामानाची यादी मिळवा, आणि निघताना कोणी काय विचारले ते लिहून आणा. ज्यांच्या घरातून अजून कोणीच गेलेले नाही, त्यांनी का गेले नाही ते लिहावे. तो स्वाध्याय आम्ही आधी तपासू.